रोह्याची लाईन, नागोठण्याची सीट

मंगळवार, ९ फेब्रुवारी १९९९

शेठच्या डोक्यात नवीन भूत शिरलंय — इंटरनेट!

मुंबईच्या पार्टीने कळवलंय म्हणे की धाटावच्या कारखान्यांतून रोज किती गाड्या भरल्या, कुठला माल, किती टन, ही यादी यापुढे ई-मेलने पाठवा, फॅक्स पुसट येतो. झालं. धनेश शेठनी मला केबिनमध्ये बोलावलं. "जगन, रोह्याच्या ऑफिसात लाईन घेऊ. मंग तुझं रोजचं पेणला मरणं बंद. तू रोह्यातच बस." आणि असे हसले, जशी मला लॉटरीच लागली.

आठ वर्षं या ट्रान्सपोर्टमध्ये आहे. काम एकच — आदल्या दिवशीची चलनं पिशवीत भरायची, आठ दहाची एस.टी. पकडायची, पेणच्या ऑफिसात द्यायची. तिथे नमिता त्यावरून यादी आणि बिलं करते, मुंबईला फॅक्स करते. ती नागोठण्याला चढते. मी शेजारच्या सीटवर चलनांची पिशवी ठेवून तिची जागा धरतो. नागोठणे ते पेण पाऊण तास. पाच वर्षं झाली. दिवसाचे उरलेले सव्वातेवीस तास मी कशाला जगतो, ते मलाही ठाऊक नाही.

लाईन आली की पिशवी गेली. पिशवी गेली की पाऊण तास गेला.

शेठ म्हणाले, "तीन ठिकाणची कोटेशनं आण. पाडव्याच्या आत. तुझ्या फेरीपेक्षा लाईन स्वस्त पडली तर घेऊ, नायतर नाय. हिशेब तूच मांड. तुझ्या बेरजेवर आपला भरवसा हाय."

बोकडालाच सुरीचा भाव काढायला पाठवलं!

गुरुवार, ११ फेब्रुवारी

आधी स्वतःची किंमत काढली. एस.टी. जाऊन-येऊन बत्तीस रुपये, तीनशे दिवस — ९,६००. जेवणभत्ता पंधरा रुपये — ४,५००. अर्धा दिवस बसमध्ये जातो म्हणून अर्धा पगार — १५,६००. पेणहून मुंबईला फॅक्स — ९,०००. एकूण ३८,७००.

माणसाने आपली किंमत अशी कागदावर बघू नये. आणि बघितलीच तर निदान चाळीसच्या वर तरी असावी.

पिशवीने सीट अडवली म्हणून कंडक्टरने तीनदा माझ्याकडून तिचं हाफ तिकीट घेतलंय. ते धरलं नाही. ते खासगी.

शनिवार, १३ फेब्रुवारी

पहिलं कोटेशन. पनवेलहून प्रणित नावाचा पोरगेला माणूस आला. टाय! रोह्यात, फेब्रुवारीत, दुपारी दीडला टाय! त्याने रंगीत कागद पुढे केला. "पाचशे तास, वर्षाला फक्त साडेनऊ हजार. सगळं त्यातच, सर."

शेठचे डोळे लकाकले. एकोणचाळीस हजार कुठे आणि साडेनऊ कुठे!

मग बाबांची आठवण झाली. ते मिठागरावर होते. व्यापारी बांधावर उभा राहून भाव सांगायचा, भाव चांगलाच असायचा. मग ओल म्हणून कापायचा, बारदान म्हणून कापायचा, हमाली म्हणून कापायचा, आणि शेवटी होडीत सांडलं म्हणूनही कापायचा. बाबा म्हणायचे, "भाव इचारू नको. हातात काय पडतं ता इचार."

म्हटलं, "प्रणितसाहेब, सगळं त्यातच म्हणजे मोडेमपण?"

"मोडेम वेगळा, सर. बेचाळीसशे."

"नाव नोंदवायचे?"

"पाचशे. वन टाईम."

"टॅक्स?"

"पाच टक्के. तो तर गव्हर्नमेंटचा, सर." म्हणजे गव्हर्नमेंटचा असला की खिशातून जात नाही बहुतेक.

"बसवायचे?"

"साडेसातशे."

"बिघडली तर?"

"आमचा इंजिनिअर येईल ना, सर." इंजिनिअर फुकट. पनवेलहून त्याचं येणं-जाणं तीनशे. वर्षातून चारदा तरी येणार, हे प्रणितनेच कबूल केलं. चहा पाजून, खारी बिस्किटं देऊन काढून घेतलं सगळं.

साडेनऊचे १६,६५० झाले. चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला! पण अजून माझ्यापेक्षा स्वस्तच. झोप येत नाही.

सोमवार, १५ फेब्रुवारी

बसमध्ये तिला सांगितलं, लाईनचं चाललंय म्हणून. ती म्हणाली, "माहिताय मला." आणि मग, "कुठवर आलं?"

चेहरा जरा उतरलेला वाटला. म्हणजे तिलाही काळजी आहे. मी म्हटलं, "घाबरू नका. मी बघतो." ती माझ्याकडे बघतच राहिली.

तिला काय नावाने हाक मारावी हे पाच वर्षांत ठरलेलं नाही. मॅडम म्हटलं तर ऑफिस वाटतं. ताई तर मेलो तरी म्हणणार नाही. म्हणून 'हे घ्या', 'ते बघा' यावर भागवतो. ती मला म्हात्रे म्हणते. पेणच्या गोदामातले सगळे मला जगनदादा म्हणतात, ती एकटी म्हणत नाही. ही गोष्ट मी लक्षात ठेवली आहे.

बुधवार, १७ फेब्रुवारी

दुसरं कोटेशन, मुंबईच्या कंपनीचं, फोनवर. बाईचा आवाज गोड. वर्षाला सात हजार नऊशे नव्व्याण्णव! एक रुपया कुणासाठी ठेवलाय कोण जाणे.

विचारलं, "इंटरनेट लावायला फोन फिरवावा लागतो ना? त्याचं बिल?"

"लोकल कॉलच आहे, सर."

"कुठून लोकल?"

"मुंबईतून, सर."

"बाई, रोहा मुंबईत कधी गेलं?"

ती म्हणाली, "होल्ड करा सर, विचारून सांगते." सात मिनिटं वाजंत्री ऐकली. ती सात मिनिटंही आमच्याच बिलात, एस.टी.डी.ने! सातव्या मिनिटाला मला उजेड पडला. अरे, लाईनचा खरा खर्च हाच! रोह्याहून मुंबई एस.टी.डी. — मिनिटाला चार ऐंशी. फोन खाली ठेवला आणि एकटाच हसलो. शेठनी केबिनमधून डोकावून बघितलं.

गुरुवार, १८ फेब्रुवारी

प्रणितला पनवेलला फोन करून विचारलं. त्यांचाही नंबर मुंबईचाच! रोज वीस मिनिटं लाईन चालली तरी ९६ रुपये, वर्षाला २८,८००. त्यात आधीचे १६,६५०. एकूण ४५,४५०.

मी — ३८,७००.

जिंकलो! आईला म्हटलं आज बोंबील कर.

शुक्रवार, १९ फेब्रुवारी

काल आईला सगळं सांगून बसलो, बोंबलाच्या नादात. आई म्हणजे हौसा म्हात्रे, वय अडुसष्ट, शाळा शून्य. ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आरं, येवडी इंटरनेटची चवकशी करतोस, त्यापरीस त्या पोरीची कर ना! तिला इचार, येतंस का म्हनून. त्याला काय डिपाझिट लागतं?"

म्हटलं, आई, तसं नसतं ते. दोन बहिणींची लग्नं करून दिली तिने, घर चालवते, वडील अंथरुणाला. माझ्यासारखा पिशवीवाला विचारणार आणि ती नाही म्हणाली तर? मग तो पाऊण तासही गेला. निदान आत्ता तो तरी आहे.

"छत्तीस वर्सं झाली तुला. मोजत बस." असं बोलून ताट उचललं. माझं अजून जेवण व्हायचं होतं.

मंगळवार, २३ फेब्रुवारी

तिसरं कोटेशन टपालाने आलं. दिवसरात्र चालू राहणारी स्वतंत्र लाईन, फोन फिरवायला नको. शेठनी आकडा वाचला, चष्मा पुसला, परत वाचला. संध्याकाळी त्या कागदावर शेठच्या बायकोने, म्हणजे वहिनींनी, मिरच्या वाळत घातलेल्या बघितल्या.

गुरुवार, २५ फेब्रुवारी

शेठसमोर तक्ता ठेवला. एक शंका मीच काढली — "कॉम्प्युटर चालवणार कोण? त्याचा पगार धरायचा राहिला." खरं तर हा माझा हुकमाचा एक्का होता.

शेठ म्हणाले, "तो धरू नको. त्या माणसाची सोय झाली हाय."

कोण, ते सांगितलं नाही. मला न सांगताच कळलं. शेठचा मेहुणा! अक्षय! तो मागे कॉम्प्युटर क्लासला जायचा आणि गॉगल लावून परत यायचा. म्हणजे पाऊण तास तिच्या शेजारी बसायचं सोडून आठ तास त्या गॉगलसमोर बसायचं! आता तर लाईन येऊच देणार नाही.

मंगळवार, २ मार्च

धुळवड. शिमग्याला गावकीत सगळ्यांच्या नावाने बोंब मारली. मी मोडेमच्या नावाने मारली. कुणाला कळलं नाही, पण जोरात मारली.

गुरुवार, ४ मार्च

घात झाला.

प्रणितला माझ्या बेरजेचा सुगावा लागला. आज परत आला. "सर, वीस मिनिटं कशाला? यादी आधी कॉम्प्युटरवर लिहून ठेवायची. फोन नंतर जोडायचा. भर्रकन पाठवली, बंद! पाच मिनिटं."

शेठनी टेबलावर हात मारला. "ह्याला म्हनतात डोकं!"

पाच मिनिटं म्हणजे चोवीस रुपये. वर्षाला ७,२००. एकूण २३,८५०. पंधरा हजारांनी मी महाग! एका वाक्यात!

खोटे आकडे मला टाकता येत नाहीत. बाबांनी एवढीच इस्टेट ठेवली. म्हणून नुसता एक मुद्दा मांडला — "शेठ, तोंडी पाच मिनिटं कुणीही सांगेल. घड्याळ लावून दाखवा म्हणावं."

शेठ म्हणाले, "बरोबर हाय." बुधवार ठरला. प्रणित म्हणाला, "शुअर, सर." त्याच्या टायवर आज बदकं होती.

शुक्रवार, ५ मार्च

बसमध्ये तिने विचारलं, "मोडेम केवढा असतो हो? टेबलावर किती जागा लागते?"

किती काळजी बिचारीला! म्हटलं, "तुम्ही कशाला जीवाला लावून घेता? येतच नाही तो."

"नाय येत?"

"मी आहे ना!" छाती जरा जास्तच पुढे आली माझी. वडखळचा स्टॉप आला तेव्हा ती म्हणाली, "तुम्हाला पेणला यायला एवढं आवडतं?"

आता यावर माणसाने काय बोलावं? उत्तर तोंडात आलं होतं. पण मागच्या सीटवर पापडवाल्या गिरजाबाई कान देऊन बसल्या होत्या. मी म्हटलं, "हो. पेणची हवा चांगली आहे."

पेणची हवा! लिहितानाही लाज वाटते.

बुधवार, १० मार्च

आजचं सगळं नीट लिहितो, कारण हे कुणाला सांगता येणार नाही.

आजची फेरी दुपारवर ढकलली होती. अकराला प्रणित आला. शेठचा कॉम्प्युटर दसऱ्यापासून भरतकामाच्या झाकणाखाली होता, हळदकुंकू वाळलेलं. वहिनींनी झाकण घडी करून वर नेलं. प्रणितने मोडेम जोडला, फोन फिरवला. माळ्यावर दोन बोके भांडावेत असा आवाज सुरू झाला. शेठ हात जोडून उभे. मी घड्याळ घेऊन दाराशी, जिन्याजवळ.

जोडला गेला! "कनेक्टेड, सर!" — आणि तुटला. परत फिरवला. परत बोके. परत तुटला. प्रणितने टाय सैल केला.

आता खरी गोष्ट. शेठचं घर ऑफिसच्या वरच. आणि ऑफिसचा फोन आणि घरातला फोन एकाच तारेवर! खाली बोलताना वर कुणी उचललं की दोघांचं ऐकू येतं, हे इथे सगळ्यांना ठाऊक आहे. पण ई-मेलही त्याच तारेवरून जातो हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. माझ्याही नाही. जिन्यावरून वहिनींचा आवाज आला तेव्हा डोक्यात आलं — "मेला फोन किंचाळतोय नुसता! माझ्या बहिणीला लावायचाय, तं हा किंचाळतोय!"

वहिनी रोज अकराला पेणच्या बहिणीला फोन लावतात. त्या उचलायच्या, इथे तुटायचा. आपटायच्या. दोन मिनिटांनी परत उचलायच्या. सहा वेळा! आत बोक्यांच्या आवाजात शेठना आणि प्रणितला काही ऐकू जात नव्हतं. जिन्यापाशी मी एकटा.

एक हाक मारायची होती फक्त — वहिनी, दहा मिनिटं थांबा.

मी घड्याळाकडे बघत राहिलो.

सातव्या वेळी वहिनी कंटाळून मच्छी बघायला मागच्या दारी गेल्या आणि यादी मुंबईला पोचली. एकूण फोनची मिनिटं सव्वीस. शेठ म्हणाले, "सव्वीस?" प्रणितने टायवरच्या बदकांनी घाम पुसला.

खोटा आकडा एकही लिहिला नाही. तरीपण आज जेवण गोड लागलं नाही.

शुक्रवार, १२ मार्च

सव्वीस मिनिटं म्हणजे १२४ रुपये ८० पैसे. वर्षाला ३७,४४०. वरचे १६,६५०. एकूण ५४,०९०. तीनदा बेरीज केली. बरोबर आहे, हीच तर पंचाईत. मन म्हणतंय शेठना सांग. दुसरं मन म्हणतंय पाडवा झाल्यावर सांग. दुसऱ्याचं ऐकतोय.

सोमवार, १५ मार्च

प्रणितचा फोन आला होता. त्याच्या साहेबाने त्याला झापलं म्हणे. "सर, एक चान्स द्या. लाईन खराब नाही हो, काहीतरी वेगळंच होतंय." शहाणा आहे पोरगा. मी म्हटलं, शेठना विचारतो. विचारलं नाही. मिठाचा व्यापारी निदान कापलेलं तोंडाने सांगायचा.

बुधवार, १७ मार्च

शेठनी तक्ता बघितला. एकीकडे ५४,०९०, दुसरीकडे ३८,७००. बराच वेळ पेन्सिल आपटत होते. मग तक्त्यावर आडवी रेघ मारली.

"ऱ्हाऊ दे. पार्टीला सांगतो, फॅक्सच घ्या. जगन, तू हायस तोवर आपल्याला इंटरनेटची गरज नाय."

बाहेर येऊन दोन कटिंग चहा प्यालो, एकटा.

गुरुवार, १८ मार्च

पाडवा. गुढी उभारली. श्रीखंड. आईने विचारलं एवढा का खुलला आहेस. म्हटलं, लाईन गेली! "आन् पोरगी?" म्हणाली. म्हटलं, ती कुठे जातेय? उद्या आठ दहाची गाडी आहेच की.

शुक्रवार, १९ मार्च

नागोठण्याला चढली. बसायच्या आधीच सांगितलं — लाईन रद्द! फेरी चालू!

ती पिशवी मांडीवर घेऊन खिडकीबाहेर बघत राहिली. पेण आलं तेव्हा म्हणाली, "शेठनी मला जानेवारीतच विचारलं होतं. लाईन आली की पेणचं टेबल बंद, रोह्याला येऊन कॉम्प्युटरवर बसाल का, म्हात्रेच्या समोर. मी तिथल्या तिथं हो म्हटलं."

मी विचारलं, "का?" का, म्हणे!

"पाऊण तासात तुम्ही नुसतं चलनांचं बोलता, म्हात्रे. म्हटलं, दिवसभर समोर बसले तर कधीतरी दुसरं काही बोलाल."

आणि उतरून गेली.

५४,०९०. वर्षाला. नीट बघितलं तर काही फार नाहीत!